मुंग्यांची साक्ष

मराठीत मुंग्या माणसाच्या दुखण्याशी दोन तऱ्हांनी जोडल्या गेल्या आहेत. लघवीला मुंग्या लागतात आणि हातापायांना मुंग्या येतात. पहिल्या मुंग्या खऱ्याखुऱ्या, भिंतीच्या फटीतून ओळीने निघणाऱ्या. दुसऱ्या भासाच्या, कातडीखालून चालल्यासारख्या वाटणाऱ्या. दोन्हींची क्रियापदे वेगळी आणि दोन्हींचा अनुभवही वेगळा. पण मधुमेहाच्या इतिहासाची पाने उलटू लागलो तेव्हा लक्षात आले, की या दोन्ही एकाच रोगाच्या खुणा असू शकतात. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांची जी यादी आहे, तिच्यात अंगाचा दाह व बधिरता आणि अंगाकडे व मूत्राकडे मुंग्या-भुंग्यांचे धावणे या गोष्टी एकामागोमाग एक येतात.

या विषयाकडे मी वैद्यकाच्या वाटेने आलो नाही. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. घरातल्या दोन वाक्यांनी मला इकडे आणले. ती दोन्ही वाक्ये माझ्या आजीची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्ही नातवंडे तिच्याभोवती बसलो, की आजोबांच्या आठवणी निघत. आजोबा १९५८ साली, पन्नाशीच्या आसपास वारले. आजी सांगायची, ‘‘ह्यांनी परसात जाऊन यावं, की मागनं मुंग्यांची रांग.’’ आम्ही हसायचो. दुसरे वाक्य हसण्यासारखे नव्हते : ‘‘पाठीला काळपुळी झाली आन् पंधरा दिवसांत गेले.’’ ही दोन वाक्ये आमच्या घरात वेगवेगळी राहिली. एक गमतीच्या गोष्टीत आणि एक दुःखाच्या. ती शेजारीशेजारी ठेवायला मला माझ्या वडिलांचा अंगठा जावा लागला. ती हकीकत पुढे येईल. आधी मुंग्यांची साक्ष माणसाने कधीपासून आणि कशी वाचली, ते पाहू.

वीस प्रमेह आणि एक मध

आयुर्वेदाच्या संहितांत ‘प्रमेह’ हे एका रोगाचे नाव नाही, ते एका कुळाचे नाव आहे. मूत्राचे प्रमाण वाढणे आणि ते गढूळ होणे ही त्या कुळाची ओळख. कफाचे १०, पित्ताचे ६ आणि वाताचे ४ असे २० प्रमेह चरक व सुश्रुत दोघेही सांगतात. मूत्राचा रंग, दाटपणा, वास आणि चव यांवरून त्यांना नावे मिळाली आहेत : उदकमेह, इक्षुवालिकारसमेह, हारिद्रमेह वगैरे. वाताच्या चारांत मधुमेह येतो. सुश्रुत त्यालाच क्षौद्रमेह म्हणतो. क्षौद्र म्हणजे मधच.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. प्रमेह म्हणजेच आजचा डायबेटीस, असे समीकरण मांडून ‘आपल्याकडे सगळे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. वीस प्रमेहांतले काही प्रकार आजच्या दृष्टीने मूत्रमार्गाचे अगदी वेगळे विकार असावेत. संहिताकारांना स्वादुपिंडातला स्राव ठाऊक नव्हता, रक्तातली साखर मोजता येत नव्हती. त्यांच्याजवळ होते ते डोळे, नाक, स्पर्श, रोग्याशी बोलणे आणि मुंग्या. तेवढ्यावर त्यांनी जे टिपले, ते मात्र थक्क करणारे आहे.

चरकाची यादी पाहा. केसांच्या जटा होणे, तोंड गोड वाटणे, हातापायांची आग आणि बधिरता, तोंड-टाळू-घसा कोरडा पडणे, तहान, आळस, अंगावर मळ साचणे, अंगाला आमगंधी वास, सतत झोप आणि झापड. इतर ग्रंथांत त्यात दातांवर मळ साचणे आणि अंग चिकट होणे यांची भर पडते. मधुमेहात हिरड्यांचे आजार बळावतात, हे आजचे दंतवैद्यही सांगतात. सुश्रुताने तर मधुमेही माणसाची चाल-वागणूकच टिपली आहे. चालत असला तर त्याला उभे राहावेसे वाटते, उभा असला तर बसावेसे, बसला तर आडवे व्हावेसे आणि आडवा झाला की झोपावेसे वाटते. मधुमेहातल्या थकव्याचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

सुश्रुत आणखी एक भेद करतो. काही जणांना प्रमेह जन्मतःच आई-वडिलांच्या बीजदोषाने येतो, काहींना अपथ्याने. पहिला रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि फार तहानलेला असतो. दुसरा स्थूल, खूप खाणारा, बसण्या-झोपण्याची आवड असलेला. १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ या इंग्लिश डॉक्टरने इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे मधुमेह्यांचे दोन गट प्रयोगाने वेगळे केले. आज आपण ज्यांना टाइप १ आणि टाइप २ म्हणतो, त्या विभागणीचा पाया तो. सुश्रुताचे दोन रोगी म्हणजे हेच दोन गट, असे मी म्हणणार नाही. पण रोगी दोन तऱ्हांचे दिसतात, बारीकही आणि जाडही, हे निरीक्षण त्याच्याकडे आहे. त्यातला बारीक रोगी पुढे आपल्या नजरेतून निसटला. या लेखाचा खरा विषय तो आहे.

संहितांत प्रमेहपिडका नावाने गळवांचेही वर्णन येते. चरक ७ सांगतो, सुश्रुत १०. कासवाच्या पाठीसारखी, चाळणीसारखी तोंडे असलेली, पाठीवर किंवा पोटावर उठणारी. आमच्या आजीच्या तोंडची काळपुळी ती हीच असली पाहिजे. मुंग्या आणि काळपुळी, दोन्ही खुणा एकाच अध्यायाच्या हद्दीत होत्या. आमच्या घरात तो अध्याय कोणी वाचलेला नव्हता, एवढेच.

चव, बशी आणि परीक्षानळी

भूमध्य समुद्राकाठच्या वैद्यांनी हाच रोग दुसऱ्या टोकाने पाहिला. कप्पदोकियाचा अरेटेयस हा ग्रीक वैद्य साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. रोग्याचे मांस आणि अवयव वितळून मूत्रावाटे वाहून जातात, असे त्याने लिहिले. ‘डायबेटीस’ या ग्रीक शब्दात आरपार वाहून जाण्याची, वक्रनलिकेतून पाणी निघून जावे तशी कल्पना आहे. गेलनसारख्या ख्यातनाम वैद्याने आपण या रोगाचे फक्त दोन रोगी पाहिल्याचे नमूद केले आहे. या ग्रीक वर्णनांत वाहून जाणे आहे, तहान आहे, झिजणे आहे. गोडवा मात्र नाही.

युरोपच्या वैद्यकात गोडव्याची ठळक नोंद झाली ती १७व्या शतकात. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने रोग्याचे मूत्र चाखून ते मध किंवा साखर मिसळल्यासारखे गोड असल्याचे लिहिले. शंभर वर्षांनी, १७७६ मध्ये, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने पुढचे पाऊल टाकले. त्याने मूत्र मंद आचेवर आटवले. तळाशी पांढरट, दाणेदार वडी राहिली. ती बोटांनी सहज फुटली, तिला खांडसरीसारखा वास होता आणि चवीला ती साखरच होती. त्याने रोग्याच्या रक्ताचा पातळ भागही चाखला आणि तोही गोड लागला. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती आधीपासून रक्तातच असते आणि तेथून खाली उतरते. मुंग्या ज्या गोष्टीची साक्ष देत होत्या, ती गोष्ट मूत्राची नव्हे, रक्ताची आहे, हे या एका आटवण्याने दाखवले. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रेल याने ही साखर द्राक्षातलीच असल्याचे दाखवले.

यापुढे जिभेची गरज उरली नाही. १९व्या शतकात फेलिंगचे द्रावण आले, २०व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. हे द्रावण आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या अनेकांनी पाहिले असेल. परीक्षानळीत थोडे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे झाले तर थोडी, पुढे पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे तांबडे. मधुमेह्यांच्या घरी सकाळी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात हा रंगांचा खेळ चाले. मुंग्यांचे काम आता नळी करू लागली, आणि किती मुंग्या लागल्या हे रंगावरून सांगता येऊ लागले.

पण मुंग्या काय किंवा नळी काय, दोघींची एकच मर्यादा होती. आपली मूत्रपिंडे रक्तातली साखर गाळून पुन्हा रक्तात परत घेतात. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर साखर चढली, तरच ती मूत्रात सांडते. आज उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर आढळली आणि फेरतपासणीत तेच दिसले, तर मधुमेह मानतात. १९९७ पूर्वी ही रेघ १४० वर होती. म्हणजे १२६ आणि १८० यांच्या मधल्या पट्ट्यात माणूस मधुमेही असतो, रक्तवाहिन्या आणि नसा झिजत असतात, तरी लघवी गोड होत नाही. वय वाढते तशी काहींची ही वेस आणखी वर सरकते. मुंगी खोटे बोलत नाही, पण ती उशिरा येते. मुंगी आली तर रोग असण्याची दाट शक्यता असते, आली नाही म्हणून रोग नाही असे मात्र म्हणता येत नाही. दोन हजार वर्षांच्या या साक्षीदाराबद्दल मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

ओळखण्याची किंमत बदलली

खूण ओळखून उपयोग काय, हा प्रश्न १९२२ पूर्वी रास्त होता. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचा पत्ता लागला, पण औषध नव्हते. लहान मुलाला हा रोग आहे हे कळणे म्हणजे त्याचे थोडेच महिने उरले आहेत हे कळणे. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य काही काळ लांबवले. ती मुले साखरेने न मरता भुकेने झिजत.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये बॅंटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. कॉलिप यांनी अर्क शुद्ध करण्यात साथ दिली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, ते फारसे लागू पडले नाही. २३ जानेवारीला अधिक शुद्ध अर्क दिला आणि त्याची साखर खाली आली. त्या दिवसापासून मधुमेहाच्या खुणा ओळखण्याला वेगळी किंमत आली. खूण ओळखली तर मूल जगते, चुकली तर जाते.

ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे, म्हणून इतिहासाच्या लेखात थोडे थांबून सांगतो. लहान मूल एकाएकी खूप पाणी पिऊ लागते, सारखे लघवीला जाते, अंथरूण ओले करणे कधीच सुटलेले असताना पुन्हा करू लागते, खाऊनपिऊन बारीक होते, दमते. घरचे म्हणतात उंची वाढतेय, जंत झालेत, दृष्ट लागली. मग उलट्या, पोटदुखी, खोल जोराचा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. येथपर्यंत आले की तासांचा हिशेब सुरू होतो. कित्येकदा तेव्हाही पोटाचा विकार समजून उपचार होतात. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब यंत्रावर ठेवला, तर मिनिटाच्या आत संशय खरा की खोटा ते कळते. साखर वाढलेली दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

शेठजींचा रोग

मोठ्या माणसांच्या मधुमेहाची हिंदुस्थानातली आधुनिक नोंद पाहू लागलो, तेव्हा एक चित्र वारंवार समोर आले. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली. तेथे रंगवलेला रोगी बहुतांशी कलकत्त्याचा सुखवस्तू, शिकलेला, बैठे काम करणारा होता : वकील, न्यायाधीश, जमीनदार. मराठी माणसाला लोकमान्य टिळकांचे नाव आठवेल. मंडालेच्या १९०८ ते १९१४ च्या कारावासात मधुमेहामुळे त्यांना आहाराची पथ्ये सांभाळावी लागली. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले, तेव्हा इन्सुलिन एक वर्षावर आले होते.

हे चित्र खोटे नव्हते. चरकानेही प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसणे, सुखाने झोपणे, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले आहेत. सुश्रुताचा एक उपाय तर प्रसिद्ध आहे. गरीब, निराधार रोग्याने पादत्राण-छत्रीशिवाय, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहून जास्त चालावे. पण याच उपायात एक गोष्ट दडलेली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. सुश्रुताकडे येणाऱ्या रोग्यांत निर्धनही होते! नसते, तर त्यांच्यासाठी वेगळा उपाय लिहावा लागला नसता.

१९०७ च्या चर्चेतले डॉक्टर ज्यांना पाहत, त्यांच्याविषयी बोलत. जो डॉक्टरची फी देऊ शकतो, त्याच्या लघवीची तपासणी होते. ज्याची तपासणी होते, त्याच्याच रोगाची नोंद होते. शेतमजूर, हमाल, घरकाम करणारी बाई यांची लघवी कोण तपासणार? ते काळपुळीने, क्षयाने, ‘पाय सडून’ मरत आणि नोंद तशीच होई. नोंद न होणे आणि रोग नसणे यांतला फरक पुसला गेला. ‘श्रीमंतांचा रोग’ ही समजूत अशी निम्मी निरीक्षणातून आणि निम्मी नोंदवहीतून तयार झाली.

१९७०च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर पाहणी केली, तेव्हा शहरात २.१ टक्के आणि खेड्यात १.५ टक्के लोकांत मधुमेह आढळला. दोन्हींतले अंतर समजुतीच्या मानाने फारच थोडे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आणखी १३.६ कोटी माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

पुण्याजवळची सहा गावे

बारीक माणूस या चित्रात परत आणण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. वजनाला कमी आणि चरबीला भरपूर, असे हे शरीर जन्मापासूनच तसे घडलेले होते.

२००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर जे दिसत नाही, ते या एका चित्राने दाखवले. आपल्याकडचा सडपातळ माणूस काट्यावर सडपातळ असला, तरी आतून तसा असेलच असे नाही. सुश्रुताच्या स्थूल रोग्याला शोधत बसलो, तर हा माणूस आपल्या समोरून निघून जातो.

फरशीवरचे पाय

आता वडिलांविषयी. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते प्राथमिक शिक्षक होते. अंगाने काटकुळे, शाळेला रोज जाऊनयेऊन १२ किलोमीटर सायकल. १९८४ मध्ये आम्ही नवे घर बांधले, त्यात संडास-बाथरूम आत आले. आज वाटते, त्या दिवशी आमच्या घरातून मुंग्यांची साक्ष कायमची हद्दपार झाली. पाणी ओतले की सगळे वाहून जायचे. परसातल्या मातीने आजोबांविषयी आजीला जे सांगितले, ते नव्या घरातली फरशी आईला सांगू शकत नव्हती. गावोगावची घरे बदलली तशी ही जुनी, फुकटची खूण घराघरांतून नाहीशी झाली. तिची जागा घेणारी तपासणी मात्र घराघरांत पोचली नव्हती.

बाकीच्या खुणा होत्या. रात्री उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा होऊ लागला. वर्षात दोनदा चश्म्याचा नंबर बदलला. उन्हाळ्याच्या रात्री दादा तळपाय शहाबादी फरशीवर टेकवून बसत. ‘‘आग होतीय, उष्णता वाढलीय,’’ म्हणत. उष्णतेवर उपाय म्हणून आई त्यांना रोज सकाळी चमचाभर गुलकंद देई. हे लिहिताना आजही हात थबकतो.

कुणीतरी एकदा म्हणाले, ‘‘गुरुजी, शुगर तपासून घ्या.’’ दादा हसले. ‘‘मला कसली शुगर? मी काय शेठ आहे?’’

१९९४ मध्ये नव्या चपलेच्या अंगठ्याने त्यांच्या पायाला जखम झाली. त्यांना ती कळलीच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा आईने पाहिले. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तीन आठवडे मलम आणि गोळ्या दिल्या. रक्त तपासावे असे ना त्यांना सुचले, ना आम्हाला. अंगठा काळा पडल्यावर शहरात नेले. साखर साडेतीनशेच्या घरात होती. अंगठा काढावा लागला. दादा तेव्हा ५६ वर्षांचे होते.

दवाखान्यात तरुण निवासी डॉक्टरने विचारले, ‘‘घरात कुणाला होती का?’’ दादा म्हणाले, ‘‘नाही.’’ आजी तोवर वारली होती. मी खाटेशेजारी उभा होतो. मला मुंग्या आठवल्या, मग काळपुळी आठवली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती दोन वाक्ये शेजारी ठेवली आणि म्हणालो, ‘‘बहुतेक आजोबांना होती.’’

खुणांच्या आधीची खूण

२००५ मध्ये चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी जोखमीची एक सोपी गुणपट्टी तयार केली. तिच्यात तहान नाही, लघवी नाही, मुंग्या नाहीत. चारच गोष्टी आहेत : वय, कमरेचा घेर, शरीरश्रम आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का. एकूण १०० गुण. ६० किंवा अधिक आले तर जोखीम जास्त. बसणे, घेर आणि बीज हे संहितांतले जुनेच शब्द, पण येथे ते लक्षण म्हणून येत नाहीत, लक्षणाच्या आधी येतात.

मी दादांचे गुण मांडून पाहिले. वय पन्नाशीपुढचे, ३०. कमर बारीक, शून्य. सायकलीचे श्रम, तेही शून्यच धरू. वडिलांना मधुमेह, १०. एकूण ४०, म्हणजे मध्यम जोखीम. या पट्टीनेही त्यांना सगळ्यांत धोक्याच्या रांगेत बसवले नसते. तपासणी करा, एवढेच सांगितले असते. पण तेवढेच तर हवे होते. आजोबांची हकीकत ठाऊक नसती, तर हे ४० चे ३० झाले असते.

मधुमेहाच्या खुणा सांगणारे फलक आज दवाखान्यांत लावलेले असतात : वारंवार लघवी, तहान, भूक, वजन घटणे, थकवा, अंधुक दिसणे, न भरणारी जखम, हातापायांना मुंग्या, वारंवार होणारी खाज किंवा बुरशी. पोरांच्या मानेवर मखमलीसारखी काळी, जाड कातडी दिसली तर ती मळ समजून घासू नये, ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. हे सगळे ठाऊक असलेच पाहिजे. पण टाइप २ मधुमेहात कित्येकांना कित्येक वर्षे यातले काहीच जाणवत नाही. मुंग्या ‘येतात’ तेव्हा नसांना इजा झालेली असते. मुंग्या ‘लागतात’ तेव्हा साखर वेस ओलांडून गेलेली असते. या दोन्हींच्या आधी बोलणारी एक खूण प्रत्येक घरात असते, ती म्हणजे घरातल्या माणसांची हकीकत. कोण कशाने गेले, कुणाची जखम भरली नाही, कुणाची दृष्टी गेली, कुणाच्या मागे मुंग्या लागायच्या.

आपल्याकडे वंशावळी लिहितात. त्यांत कोण कुणाचा मुलगा हे असते, कोण कशाने गेला हे नसते. सुनांची आणि लेकींची तर नावेही नसतात, मग त्यांची दुखणी कुठली? आईकडूनही रोग तितकाच येतो. या दिवाळीत घरातली म्हातारी माणसे एकत्र येतील, तेव्हा फराळाच्या ताटांभोवती जुन्या गोष्टी निघतील. त्यांतल्या हसण्याच्या गोष्टीही कुणीतरी लिहून ठेवाव्यात.

दादा अंगठ्यानंतर १४ वर्षे जगले, रोज इन्सुलिन घेऊन, पाय रोज रात्री आरशात पाहून. मी पस्तिशीपासून दरवर्षी रक्त तपासतो. तीन महिन्यांच्या सरासरीचा माझा आकडा गेल्या वर्षी ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ला घर सुरू होते. मला तहान लागत नाही, पाय जळत नाहीत, वजन बेताचे आहे. कुठलीही खूण नाही. माझ्या धाकट्या मुलीने परवा विचारले, ‘‘बाबा, तुम्हाला काहीच होत नाही, तर मग तपासता कशाला?’’

मी तिला तिच्या पणजीची दोन्ही वाक्ये सांगितली. पहिल्यावर ती हसली. दुसरे ऐकून गप्प झाली, आणि मग तिने तिच्या वहीत दोन्ही लिहून घेतली.